रस्त्यातली खाट

गेल्या श्रावणात आमगावहून माझ्या शाळेच्या गावाला निघाले, तेव्हा मोबाइलवर अतिवृष्टीचा इशारा आलेला होता. तो वाचूनही मी निघाले. वाटेतल्या नाल्यावर एक ठेंगणा रपटा, म्हणजे पुरात पाण्याखाली जाणारा बुटका पूल, आहे. त्याच्या अलीकडे, रस्त्याच्या मधोमध, एक म्हातारी खाट टाकून बसली होती. डोक्यावर युरियाच्या पोत्याची खोळ, हातात काठी. रपट्यावरून गढूळ पाणी वाहत होतं, पण फार नव्हतं.

माझ्यामागून माणसांनी भरलेली जीप आली. ड्रायव्हर ओरडला, "आजी, खाट हटवा! घुटन्याएवढं तर पानी आहे."

म्हातारी हलली नाही. काठी पाण्याकडे रोखून म्हणाली, "पानी मलेबी दिसून राहिलं गा बापू. पन त्याच्याखालचा रस्ता दिसून राहिला का तुले?"

तो हॉर्न वाजवत राहिला. ती पदराने तोंड पुसायची आणि पुन्हा पाण्याकडे बघायची. मी शरमून स्कूटी बाजूला लावली. जीपमधली माणसंही एकेक करून खाली उतरली.

दुपारी पाणी ओसरलं, तेव्हा रपट्याचा मधला भाग वाहून गेलेला दिसला. तिथे पुरुषभर खोल खड्डा पडला होता. इशारा मी वाचला होता. ही बाई मात्र आमच्यासाठी सकाळपासून भिजत बसली होती.

ड्रायव्हर मुकाट्याने पुढे झाला आणि खाट उचलू लागला. "कोठी न्यायची, आजी?"

"ठेव तेथीच," ती म्हणाली. "मागून येनाऱ्याले कोन सांगन?"