मालतीकाकूंचं नाव

शाळेच्या ऑफिसात एसी इतका गार होता की मुलगी माझ्या ओढणीत शिरून बसली होती. काचेबाहेर वाळवंटातलं पांढरं ऊन. या देशात येऊन आम्हाला आठवडा झाला होता. प्रवेशाच्या अर्जात शेवटी एक रकाना होता: आई-वडिलांशी संपर्क झाला नाही, तर मुलीला न्यायला कोण येईल? मी विचार न करता पुटपुटत लिहिलं, मालतीकाकू. साताऱ्यातल्या आमच्या समोरच्या दारातल्या. बालवाडीच्या अर्जातही हेच नाव होतं.

टेबलापलीकडच्या बाईंनी नावापुढचा भारतातला फोन नंबर पाहिला आणि हळूच विचारलं, "यांना इथे पोचायला किती वेळ लागेल?"

साताऱ्यात बोलावणं आलं की काकू कणकेचे हात पुसत निघायच्या. एकदा हिला बालवाडीत ताप आला, तेव्हा मी बँकेतून धावत येईपर्यंत काकूंचा मऊ भात भरवून झाला होता. मी आभारसुद्धा मानले नव्हते. समोरचं दार उघडं असायचं, त्याचे कसले आभार? इथे घर मिळालं, शाळाही मिळतेय. दारं मात्र सगळी बंद, आणि त्यांच्यामागे कोण राहतं ते मला ठाऊक नाही.

मी नाव खोडलं. रकाना तसाच राहिला.

मुलीने त्या खोडलेल्या जागेवर बोट ठेवलं.

"आई, काकूंना कळवलंस का," तिने विचारलं, "की मला आता न्यायला यायचं नाही?"