विहिरीला वाचून दाखवलेला प्रस्ताव

प्रस्ताव लिहून झाला की मॅडम तो आधी प्राचार्यांकडे नेत नसत, विहिरीकडे नेत. मुलींच्या वसतिगृहामागे जुनी दगडी विहीर आहे. तिच्या काठावर लिहिणाऱ्याला उभं करायचं, एकेक वाक्य आत तोंड करून मोठ्यानं वाचायला लावायचं आणि स्वतः कानामागे तळवा धरून, डोळे मिटून ऐकायचं. वाक्य संपलं की प्रश्न ठरलेला.

“आली का परत?”

आवाज घुमून परत आला तर ओळ ठेवायची. नाही आला तर खोडायची. “तिले खोटं पटत नाई,” एवढंच स्पष्टीकरण.

तुम्ही हसाल. मीही हसले होते. मी बुलढाण्याच्या आमच्या कॉलेजात भौतिकशास्त्र शिकवते, त्या रसायनशास्त्र शिकवत. प्रतिध्वनी कशानं येतो, वाऱ्यानं कसा विरतो, हे मी त्यांना खडू घेऊन समजावलं. त्यांनी सगळं शांतपणे ऐकून घेतलं.

“हाव, असंन तसं,” म्हणाल्या. “पन ते ओळ खोड.”

विद्यार्थ्यांच्या पर्यावरण प्रकल्पांना निधी देणारी एक संस्था आहे. कॉलेजची मुलं दरवर्षी तिच्याकडे अर्ज करत आणि दरवर्षी नकार येई. मॅडमनी हे काम अंगावर घेतलं, तेव्हा पहिलाच प्रस्ताव त्यांच्या हाती आला तो इंटरनेटवरून उचललेला. दुसऱ्या पानावर ‘आपल्या किनारपट्टीचं संवर्धन’ असं ठळक अक्षरात.

“काऊन बे,” त्यांनी तो आणणाऱ्या मुलाला विचारलं, “आपल्या घाटावर समुद्र कधी आला? मले सांगाचं होतं, पोहाले आली असती.”

वर्ग हसून लोळला. मॅडम मात्र हसत नव्हत्या. त्या मुलाला घेऊन त्या भर उन्हात वसतिगृहामागे गेल्या. जायच्या त्या नेहमी टळटळीत दुपारीच. वारा पडलेला असतो, म्हणत. आमच्याकडची म्हातारी माणसं त्या वेळी विहिरीजवळ जाऊ नको म्हणतात, ते त्यांना सांगून उपयोग नव्हता.

त्यांची शिकवण सोपी होती. आधी काय आहे ते लिहा, मग काय पाहिजे ते. ‘जनजागृती’ दिसली की काट मारत. “जनजागृतीनं बादली भरत नाई.” झाडं लावणार म्हटलं, तर सुट्टीत पाणी कोण घालणार त्या माणसाचं नाव विचारत. ‘सर्वांच्या सहकार्याने’ असं उत्तर आलं की म्हणत, “सर्व म्हंजे कोनीच नाई.”

मुलांनी शेवटी विहिरीचाच प्रस्ताव लिहायचा ठरवला. वसतिगृहाच्या छताचं पावसाचं पाणी सरळ रस्त्यावर वाहून जाई आणि विहीर कोरडी राही. गाळ काढायचा, छताचं पाणी गाळून आत सोडायचं, नंतर पंप बसवायचा. दिसायला साधं काम, पण मॅडमचा जीव त्यात अडकला होता. उन्हाळ्यात टँकर आला नाही की वसतिगृह रिकामं करत आणि मुली परीक्षेच्या तोंडावर घरी जात. त्यांच्या मोताळ्याकडची एक हुशार मुलगी अशीच गेली होती. घरी स्थळ चालून आलं, पुस्तकं वसतिगृहाच्या खोलीतच राहिली. ती पुस्तकं मॅडमच्या कपाटात होती. त्या ती कुणाला वापरू देत नसत.

वाचनाच्या दिवशी आम्ही सगळे काठावर होतो. सगळ्या ओळी खणखणीत परत आल्या, एक सोडून. ‘प्रकल्प संपल्यावर महाविद्यालय विहिरीची देखभाल करील.’ वाचणाऱ्या मुलीनं ती पुन्हा पुन्हा वाचली. विहीर गप्प. मी वाऱ्याकडे पाहिलं, पान हलत नव्हतं.

मॅडमनी कागद घेतला, वाकल्या आणि स्वतः म्हणाल्या, “प्रकल्प संपल्यावर इहिरीकडे मी पाहीन.”

आवाज परत आला. जरा उशिरा, आणि त्यांच्या आवाजापेक्षा खालच्या पट्टीत. माझ्या अंगावर काटा आला, हे मी तेव्हा कबूल केलं नाही.

“ऐकलं ना?” त्या पेन उघडत म्हणाल्या. “आता मले सुटका नाई.”

निधी मंजूर झाला. गाळ निघाला, नळ्या बसल्या, विहिरीवर लोखंडी जाळी आली आणि पावसाळ्यात पाणी चांगलं वर चढलं. मॅडम रोज सकाळी जाळीवरची पानं झाडत. दिवाळीच्या सुट्टीत त्या मोताळ्याला घरी गेल्या आणि तिथेच झोपेत गेल्या. मला फार एकटं वाटलं. इतकी वर्षं ज्यांच्याशी भांडले, त्यांच्याशिवाय स्टाफरूममध्ये बसवेना.

फाल्गुनात कडुनिंबाची पानगळ सुरू झाली. आमचं आवार तुम्ही पाहिलेलं नाही. त्या दिवसांत पाऊल टाकलं की पानं चुरचुरतात, पायऱ्या दिसत नाहीत. विहीर तर कडुनिंबाच्या थेट खाली. तरी जाळी रोज सकाळी स्वच्छ.

चौकीदाराला शाबासकी द्यायला गेले, तर तो म्हणाला, “मी नाई झाडली. मले वाटलं, तुमीच झाडून राह्यल्या.” मुलींना विचारलं. त्यांच्यापैकीही कुणी झाडली नव्हती.

त्याच सुमारास निधी देणाऱ्या संस्थेचं पत्र आलं. पंपाचा हप्ता अडला होता. देखभाल कोण करतं, हे अहवालात नावानिशी हवं होतं. पंप नाही तर उन्हाळ्यात वसतिगृह पुन्हा रिकामं, आणि पुन्हा कुणाची तरी पुस्तकं मागे राहणार. अहवाल मला लिहायचा होता. दुपारी, कुणी पाहत नाही असं बघून, मी विहिरीवर गेले.

“विहिरीची देखभाल महाविद्यालय करतं.” काही नाही.

“विहिरीची देखभाल मी करते.” काही नाही. तेही बरोबरच होतं, मी कधी झाडू हातात धरला नव्हता.

मग माझ्या तोंडून आपोआप निघालं, “विहिरीची देखभाल मॅडम करतात.”

आवाज परत आला. उशिरा, खालच्या पट्टीत.

मी घाबरले. रडूही येत होतं. पण गेलेल्या माणसाचं नाव अहवालात कसं लिहू? मुलींनी उन्हाळ्यात जायचं कुठे? दुसऱ्या दिवशी झाडू घेऊन उजाडताच गेले. जाळी आधीच लख्ख.

“मॅडम,” मी जाळीवर वाकून म्हटलं, “थोडी पानं माझ्यासाठी ठेवा हो.”

त्यापुढच्या सकाळी अर्धी जाळी स्वच्छ होती. अर्ध्या जाळीवर पिवळी पानं तशीच होती, मधोमध रेघ ओढल्यासारखी. मी माझी बाजू झाडून काढली, हात पुसले आणि आत तोंड करून म्हटलं, “विहिरीकडे आम्ही दोघी पाहतो.”

ती ओळ परत आली. अहवालात मी तीच लिहिली आणि खाली दोघींची नावं घातली. दुसऱ्या कोण, असं संस्थेनं विचारलं नाही. त्या उन्हाळ्यात एकही मुलगी घरी गेली नाही.