पणजोबांचा पट्टा

नातवंडांनो, तुमच्या पणजोबांचा, म्हणजे माझ्या वडिलांचा, आमच्या दादांचा, एकच फोटो आहे. अंगात पांढरा सदरा, खांद्यावरून तिरका पट्टा आणि त्यावर पितळी बिल्ला. चाकूर तालुक्यातल्या आमच्या गावात ते कोतवाल होते.

गेल्या महिन्यात माझ्या धाकट्या भावाच्या नांदेडच्या नव्या घरी गेले. बैठकीत तोच फोटो मोठा करून लावलेला. पण स्टुडिओवाल्याने पट्टा पुसून वडिलांना काळा सूट आणि टाय चढवला होता.

"पट्टा कुठाय?" मी विचारलं.

"अक्का, आज व्याही येणार हायेत. कशाला उगाच? आता तर सरकारनंबी नाव बदललं, महसूल सेवक म्हणतात."

"सरकारनं बदललं. दादांनी नाही."

कोतवाल हा शब्द मी शब्दकोशांत नीट शोधलेला आहे. कोट म्हणजे किल्ला. तो राखणारा तो कोटपाल, त्याचाच पुढे कोतवाल झाला. मग तो शहराचा पोलीसप्रमुख झाला. निजामाच्या हैदराबादेत त्याचा केवढा दरारा! गावात मात्र तेच नाव सगळ्यात खालच्या नोकराला मिळालं. दवंडी द्यायची, तलाठ्याचं दप्तर वाहायचं, चोर सापडला तर त्याला पायी ठाण्यावर पोचवायचं, आणि चावडीत आलं की पायरीवर बसायचं. पायरीवर बसणाऱ्या त्या माणसाने मला इंग्रजीत एम.ए. केलं. सूटवाल्याने नाही.

मूळ फोटो मी फ्रेम करून भेट म्हणून आणलाच होता. सूटवाला उतरवला आणि त्याच खिळ्याला हा लावला.

"ऐकायची न्हाईस तू," भाऊ म्हणाला.

"न्हाईच."

व्याही आले. बसल्या बसल्या त्यांची नजर वर गेली. "हे कोण? फौजदार होते का?"

भावाने माझ्याकडे पाहिलं. उत्तर मी त्याच्यावरच सोडलं. घर त्याचं होतं आणि वडील त्याचेही होते.

"माझे वडील," तो घाईघाईने म्हणाला. "गावात कोतवाल होते."

"बरं," म्हणत व्याह्यांनी चहाचा कप उचलला. एवढंच झालं. या एवढ्यासाठी वडिलांना टाय बांधला होता!

फोटो तुम्हाला फोनवर पाठवला आहे. तिकडे भिंतीवर लावाल तेव्हा चेहऱ्यापुरता कापू नका. बिल्ला दिसला पाहिजे. कुणी विचारलं तर सांगायचं, आणि सांगताना आवाज खाली आणायचा नाही.