कॉफीच्या आधीची गोष्ट

मळ्यावर आलेल्या पाहुण्यांना कॉफी आधी मिळत नसे, आधी गोष्ट मिळे. हा नियम धाकट्या भावाचा. पाहुणे सावलीतल्या बाकांवर टेकले की धाकटा मधाळ आवाजात सुरू करी: ही कॉफी एकाच मळ्यातली, एकाच कुटुंबाच्या हातची, विषाचा थेंबही न पडलेली. मग तो थोरल्याला पुढे करी आणि स्वतः मान खाली घालून उभा राही. मान खाली घालणं त्याला फार छान जमायचं.

थोरला जन्मभर याच झाडांत राबलेला. फळं तोडायची, साल काढायची, बिया ओट्यावर पसरून दिवसभर हलवत राहायचं. बोलण्याशी त्याचा छत्तीसाचा आकडा. पण धाकट्याकडे नव्हतं असं एक त्याच्याकडे होतं: मेलेला मुलगा. एकुलता एक. पाठीवर पंप घेऊन फवारायला गेला, वारा फिरला, सगळं औषध त्याच्याच अंगावर आलं आणि संध्याकाळपर्यंत कारभार आटोपला. त्यानंतर मळ्यात फवारणी बंद झाली, एवढं खरं. न फवारलेल्या कॉफीला भाव चढा मिळतो हे धाकट्याला पुढच्याच हंगामात कळलं, हेही खरं.

गोष्टीची काटछाट धाकट्यानेच केली. "दादा, तोंडाला फेस आला वगैरे नको. लोक प्यायला बसलेत." पोराने शेवटी पाणी मागितलं होतं, तेही नको, लांबण लागते, कॉफी गार होते. त्याऐवजी पोराचा झाडांवर भारी जीव होता, असं घालायचं. खरं तर पोराला मळ्याचा कंटाळा होता, त्याला ट्रक चालवायचा होता. थोरला सांगितलं तसं मुकाट्याने बोले. हल्ली मात्र त्याला भीती वाटे. सांगून सांगून आपला मुलगा पुसला जाईल आणि हा झाडांवर जीव लावणारा, कुणाचा कोण, तेवढा मागे उरेल.

थोरल्याच्या बायकोला या सांगण्याचं काहीच ठाऊक नव्हतं. ती मागच्या शेडमध्ये टेबलाशी बसून फुटक्या, किडक्या बिया वेगळ्या काढायची. मुलाचा विषय तिच्यासमोर कोणी काढत नसे. "पाहुण्यांना वाळवण दाखवतो," असं थोरल्याने तिला सांगितलं होतं. तिने विश्वास ठेवला होता आणि तो विश्वास टिकवणं हेच थोरल्याचं आता मोठं काम होऊन बसलं होतं.

त्या दिवशी त्याची जीभच उचलेना. त्याने धाकट्याला बाजूला घेतलं.

"मला नाही होत आता. आज तूच सांग."

"माझा मुलगा थोडाच गेलाय?" धाकटा म्हणाला. मग जरा विचार करून, "बरं, तू बस. वहिनीला बोलावतो. आईने सांगितलं तर लोकांना आणखी लागेल."

थोरला तसाच वळला, बाकांपुढे जाऊन उभा राहिला आणि गोष्ट सांगितली. इतकी चांगली त्याने कधीच सांगितली नव्हती. भीतीने माणूस काय काय शिकतो! बाकांवर रुमाल निघाले, आणि धाकट्याने कॉफी आणायची खूण केली.

पुढच्या बाकावरची एक बाई कॉफीला थांबलीच नाही. मनाने फार चांगली होती, तेच नडलं. "त्याची आई कुठे आहे?" तिने विचारलं. धाकट्याने शेडकडे हात केला. थोरला आडवा येईपर्यंत ती आत पोचलीसुद्धा होती. तिने बायकोचे हात बियांतून उचलून आपल्या छातीशी धरले.

"तुमच्या मुलाचं ऐकलं हो आत्ता. तुमचे मिस्टर किती सुंदर सांगतात."

बायकोने हात हळूच सोडवून घेतले. दारात उभ्या असलेल्या नवऱ्याकडे पाहिलं.

"रोज सांगता?"

थोरल्याच्या खांद्यामागून धाकट्यानेच घाईघाईने सावरून घेतलं.

"रोज कुठे, वहिनी? पाहुणे आले तरच. सुट्टीच्या दिवशी मात्र दोनदा."