काठावर दोर धरणारा

दातांच्या दवाखान्यामागे एक बिनखिडकीची खोली होती. त्या खोलीत ती कवळ्या बनवायची. पेशंट तिला कधी दिसत नसत, पेशंटना ती दिसत नसे. तिच्यापर्यंत यायचे ते फक्त प्लास्टरचे जबडे. मेण तापवायचं, दात बसवायचे, घासून चकचकीत करायचं. "दिवसभर सगळे माझ्यासमोर दात काढून बसलेले असतात, पण बोलत कोणीच नाही," असं ती म्हणायची. हा विनोद तिने इतक्यांदा ऐकवला होता, की रिसेप्शनवरची मुलगी आता तो संपायच्या आधीच हसून घ्यायची.

तिचं लग्न झालं नव्हतं. झालं नाही, एवढंच. त्यामागे काही कहाणी नव्हती. आई गेल्यावर घरात ती आणि धाकटा भाऊ उरले. भाऊ चांगला सहा फुटी, पण ती त्याला बारक्याच म्हणायची.

बारक्याने तिला पहिल्यांदा ओढ्यावर नेलं तेव्हा तिची चाळिशी उलटली होती. शहराबाहेर, टेकड्यांच्या सांदीतून उतरणारा अगदी अरुंद ओढा. काही ठिकाणी वल्हं आडवं धरलं तर दोन्ही टोकं खडकांना टेकत. एरवी त्यात नुसते दगडगोटे दिसायचे, पण पाऊस होऊन गेला की दोन-चार दिवस तो पिसाळल्यासारखा धावायचा. त्या पाण्यात एका माणसापुरती छोटी होडी घालायची आणि खडक चुकवत खाली यायचं. पहिल्या दिवशी ती चार वेळा उलटली आणि नाकातोंडात पाणी घेऊन काठावर बसून हसत सुटली. तेव्हापासून तिला त्याचं वेडच लागलं.

दोघांचा एक नियम होता. अवघड जागी एकाने होडी घेऊन उतरायचं आणि दुसऱ्याने खाली खडकावर दोर घेऊन उभं राहायचं. होडीतला माणूस पाण्यात पडलाच, तर दोर फेकायचा. मग पाळी बदलायची. म्हणजे खरं तर ती दोघं फारशी बरोबर वल्हवतच नसत. एकजण पाण्यात असायचा, दुसरा बघत असायचा. सगळ्यात अवघड जागेला त्यांनी 'चिमटा' नाव ठेवलं होतं. दोन मोठ्या खडकांमधून पाणी थेट खाली कोसळायचं. तिथून सुखरूप खाली आलं की ती ओरडायची, "आले रे!" आणि खडकावरून बारक्या ओरडायचा, "दिसलं!"

मग बारक्याचं लग्न झालं, तो वेगळ्या घरात गेला, मुलगी झाली. ओढ्यावर जायचं म्हटलं की या रविवारी ऑफिसचं काम, पुढच्या रविवारी गाडी बिघडलेली, त्याच्या पुढच्या रविवारी पाठ धरलेली. त्याने स्वतःची होडी विकल्याचं तिला भावजयीकडून कळलं, तेही बोलता बोलता.

"बरं झालं, जागा झाली घरात," ती म्हणाली.

ती एकटीच जायला लागली. सुरुवातीला चिमटा आला की निमूट होडीतून उतरायची, होडी खांद्यावर घ्यायची आणि काठाने चालत खाली जायची. खांदा भरून यायचा. चालताना तो रिकामा खडक दिसायचा, ज्यावर बारक्या उभा राहायचा.

एका रविवारी ती होडीतून उतरली नाही. का, ते तिला स्वतःलाही सांगता आलं नसतं. कंटाळा आला होता वळसा घालण्याचा. ती सरळ चिमट्यात शिरली.

पाणी तिला वाटलं होतं त्यापेक्षा कमी होतं. होडी कोसळली आणि होडीचं पुढचं टोक तळाच्या दोन दगडांमध्ये रुतून बसलं. होडी उभीच्या उभी अडकली. मागून सगळा ओढा तिच्या पाठीवर आदळायला लागला. ती पुढे वाकली होती, म्हणून तोंडासमोर ओंजळभर हवा होती. त्या हवेत श्वास घेत तिने मान वळवून काठाकडे पाहिलं. कोणी नाही हे माहीत असूनही पाहिलं.

मग तिने होडीत पाणी शिरू नये म्हणून कमरेभोवती ताणलेलं रबरी झाकण ओढून काढलं. एक पाय सुटला. दुसरा बूट आतच ठेवून निघाला. पाण्याने तिला उचललं, खांदा खडकावर आपटला आणि ती खालच्या डोहात येऊन पडली. हातापायांवर रांगत काठावर आली. आणि धड श्वासही लागत नसताना तिच्या तोंडून सवयीने निघून गेलं, "आले रे!"

पाण्याचा आवाज तेवढा होता. ती बराच वेळ तिथेच बसून राहिली. होडी चिमट्यात उभी होती, लालभडक.

दुसऱ्या दिवशी डॉक्टरांनी विचारलं, "खांद्याला काय झालं?"

"बाथरूममध्ये घसरले."

"जपा हो, या वयात," ते म्हणाले आणि दोन जबडे टेबलावर ठेवून गेले.

होडी एकटीने निघणारी नव्हती. दोन दिवसांनी तिने बारक्याला फोन केला.

"होडी अडकलीय चिमट्यात."

"चिमट्यात? दोरावर कोण होतं?"

तिने फोन दुसऱ्या कानाला लावला.

"ताई, दोरावर कोण होतं?"

"कोणी नव्हतं."

तो भडकला. "अक्कल गहाण ठेवलीस का? मला सांगायचं नाही?"

"सांगितलं असतं तर आला असतास?"

त्याने फोन ठेवून दिला.

पण रविवारी आला, जाडे दोर घेऊन. पाणी उतरलं होतं. झाडाच्या बुंध्याला दोर अडकवून दोघं ओढत राहिली. फारसं बोलावं लागलं नाही. कोणी कधी सैल सोडायचं हे हातांना अजून माहीत होतं. दुपारी होडी सुटली. तळाला हातभर चीर गेली होती.

बारक्या चिरेवरून बोट फिरवत म्हणाला, "मला भीती वाटते, ताई. पोरगी झाल्यापासून. या पाण्याची."

"मग पाठ, गाडी, ऑफिस..."

"थापा."

"मला वाटलं, तुला माझाच कंटाळा आला."

"वेडी आहेस का?"

"सरळ सांगायचंस की."

"तू हसली असतीस."

तिने जरा विचार केला. "हसलेच असते," ती म्हणाली.

मुलीला ताप होता, म्हणून तो लगेच निघाला. जाताना, चिमट्यात एकटी उतरणार नाही, असं तिच्याकडून कबूल करून घेतलं.

तिने शब्द पाळला. मोठ्या नदीवरच्या एका क्लबातही जाऊन आली. तिथली पोरं चांगली होती. त्यांनी तिला काकू म्हणत रबरी तराफ्याच्या अगदी मध्ये बसवलं, वल्हंही घेऊ दिलं नाही. ती पुन्हा गेली नाही. होडीची चीर प्लास्टिकचा डाग देऊन बुजवून घेतली आणि आता ती चिमट्याच्या खालून सुरुवात करते. तिथलं पाणी सोपं आहे. तासाभरात संपतं.

रविवारी संध्याकाळी बारक्याचा फोन येतो.

"पोचलीस?"

"पोचले."

"पाणी कसं होतं?"

"होतं बऱ्यापैकी."

मग तो फोन मुलीकडे देतो. ती "हॅलो आत्या" म्हणते, थोडा वेळ फोनात नुसता श्वास सोडत राहते आणि खेळायला पळून जाते. फोन चालूच राहतो. पलीकडे भांड्यांचा आवाज, भावजयीचा आवाज, टीव्ही. कोणाच्या तरी लक्षात येऊन फोन बंद होईपर्यंत इकडे ती ऐकत बसते.