बांधलेल्या जबड्याची न्याहारी

शांते, लग्नानंतर मी मुंबईच्या बोटीला निघाले तेव्हा तू बंदरावर रडत होतीस आणि आई, मी पडावात चढेपर्यंत एकच सांगत होती, "नाय जमला तर परत ये गो. घर खंय जाताहा?" पुढे चारच महिन्यांत मी दादाला चोरून पत्र टाकलं, मला घेऊन जा.

मारलं-बिरलं कुणी नव्हतं. परळची दहा बाय बाराची खोली, सासूबाईंची सतत पाठीवर नजर, आणि हे मिलमधून आले की भिंतीकडे तोंड करून निजायचे. परसू नाही, विहीर नाही. बाहेर संयुक्त महाराष्ट्राचे मोर्चे निघत, ते मी गॅलरीच्या गजांतून बघायची.

पत्र टाकलं त्याच आठवड्यात लालबागच्या नाक्यावर पळापळ झाली आणि घरी येताना यांच्या तोंडावर दगड बसला. कुणाचा, ते कधीच कळलं नाही. जबडा मोडला. डॉक्टरांनी खालचे-वरचे दात तारेने बांधून टाकले. सहा आठवडे चावणं बंद, बोलणं बंद. नर्सने माझ्या हातात चोचीचा कप दिला. म्हणाली, "नुसत्या दुधाने माणूस खंगेल. फळं घाला. पण गुठळी एकही नको हं."

मिक्सर कुठला तेव्हा! सकाळी केळं कुस्करायचं, पुरणयंत्रातून काढायचं, दुधात कालवून फडक्यातून गाळायचं. कधी पपई, कधी चिकू. संचारबंदीत बाजार बंद, तेव्हा शेजारच्या काकूंनी देवापुढचं केळं आणून दिलं. फडक्यात उरलेला चोथा मी खायची.

दादा आला तो ऐन यात. दारातूनच म्हणाला, "चल, सामान बांध."

सासूबाई कडाडल्या, "याला असा टाकून?"

हे उठले. वर्तमानपत्राच्या कोऱ्या कडेवर पेन्सिलीने काहीतरी लिहून त्यांनी कागद दादाला दिला. ‘हिला जायचं असेल तर जाऊ दे. केळं मी कुस्करीन.’

दुसऱ्या दिवशी सकाळी खरंच कुस्करलं. गाळायचं विसरले. पहिल्याच घोटाला ठसका लागला, बांधलेल्या तोंडाने खोकताही येईना, चेहरा काळानिळा झाला. मी धावले, त्यांना पुढे वाकवलं, पाठ चोळली. श्वास सावरल्यावर कप त्यांच्या हातातून काढून घेतला. दादा एकटाच परत गेला.

गावात तुम्ही म्हणालात, पोर शहाणी निघाली. तसं नव्हतं गं. यांनी अडवलं असतं तर मी भांडून गेले असते. यांनी जा म्हटलं आणि माझाच पाय निघेना. त्याचा राग कितीतरी वर्षं मनात होता.

तारा काढल्या त्या दिवशी आखडलेल्या जबड्याने यांनी विचारलं, "गावाला सकाळी काय करायचीस तू?" मी भांडी घासायला उठले. दुसऱ्या दिवशी पुन्हा विचारलं. तेव्हा सांगितलं. सांगता सांगता भात करपला.

आता हे नाहीत. वडाळ्याला लेकीकडे गेले की नात मिक्सर फिरवून मला ग्लास देते. "आजी, स्मूदी. हेल्दी आहे." चांगली लागते. गाळलेली नसते, तरी मी पिते.

ती खोली मला आवडली असं मात्र कधीच झालं नाही. अजूनही तिथे जीव कोंडतो. पण मागे लेकीकडे ताप चढला आणि मी "मला घरी ने" म्हणून हट्ट धरला. कुठल्या घरी, ते तिने विचारलं नाही. टॅक्सीवाल्याला म्हणाली, "परळ."