सातबारा काढून ठेव

हसायचं तर हसा, पण चहाचा कप खाली ठेवून. मागच्या वेळी हा किस्सा सांगितला तर शेजारच्या काकूंना ठसका लागला होता. मी सख्ख्या भावाचं भलं करायला माहेरी हसनाबादला गेले आणि अख्ख्या घराला घाम फोडून आले, बाकी काही नाही.

त्याचं असं झालं. मी जिल्हा परिषदेच्या शाळेतून निवृत्त झालेली बाई. चौतीस वर्षं शिकवलं, आता शिकवायला कोणी सापडत नाही. तशात आमच्या निवृत्त शिक्षकांच्या मेळाव्यात एका वकीलबाईंनी मृत्युपत्रावर भाषण केलं. माणूस लिहून न ठेवता गेला की मागं भाऊ-भाऊ कसे कोर्टात उभे राहतात, हे ऐकून अंगावर काटाच आला. मस्तगडला माझ्या घरी पोचेपर्यंत मी ठरवून टाकलं, सुरुवात दादापासून करायची. दादा पासष्टीचा, बीपीची गोळी चालू, दोन पोरं, आणि कागदपत्रं म्हटलं की ह्याला झोप येते.

लगेच फोन लावला. "दादा, रविवारी येते. सातबारा काढून ठेव. आप्पांनाही बोलावून घे. बाकी समोरासमोर बोलू."

दादा "बरं" म्हणाला आणि फोन कटला. मला वाटलं रेंज गेली.

तुम्ही आमच्याकडचे असाल तर एव्हाना कपाळाला हात लावला असेल. लग्न झालेली बहीण भावाला सातबारा काढून ठेव म्हणते, म्हणजे काय समजायचं असतं? पण मला कुठं सुचतंय! डोक्यात त्या वकीलबाई बसलेल्या.

रविवारी गेले तर ओट्यावर दादा इस्त्रीचा सदरा घालून उभा. एरवी रविवारी बनियनवर असतो. आत आमचे चुलते आप्पा भिंतीला टेकून बसलेले. वहिनीनं सणवार नसताना पुरणाचा घाट घातलेला, आणि ताटात नवी कोरी साडी, वर नारळ. मी मनात म्हटलं, विषयाला केवढा मान दिलाय यांनी.

चष्मा लावला आणि सुरू झाले. "दादा, माणसाचा काही भरवसा नसतो. कोणाला किती द्यायचं, ते आजच ठरवून टाकू."

"बराबर हाय," दादा पुटपुटला.

"तोंडी चालणार नाही. कागद पाहिजे, सही पाहिजे, दोन साक्षीदार पाहिजेत."

"बराबर."

"म्हणजे मागून कोर्टाची पायरी चढायला नको."

कोर्ट म्हटल्याबरोबर आत वहिनीच्या हातातलं उलथनं पडलं. मला वाटलं, किती मन लावून ऐकून राह्यली बिचारी.

आप्पा खाकरले. "पोरी, आडपडदा ठेवू नको. किती एकर मागून राह्यली तू?"

"मागून?"

"विहिरीकडचं तेवढं नको मागू. पोरांचं पोट हाय त्याच्यावर. बाकी कुठलं बी घे."

दादा मान खाली घालून म्हणाला, "घे शोभे, बिलकुल घे. पण रुसून जाऊ नको. माय गेली तवापासून तू आली की घर भरल्यावानी वाटतं."

तेव्हा कुठं माझ्या डोक्यात उजेड पडला. आणि असा राग आला म्हणता! खरं तर स्वतःचाच, पण काढला त्यांच्यावर. "मी माहेरात वाटा मागायला येईन? हेच ओळखलंत का मला? दादा, मी तुझं मृत्युपत्र करायला आलेय."

बोलून गेले आणि कळलं की ह्यानं कोणाला फार धीर यायचा नाही. वहिनी दारात येऊन दादाकडं बघायला लागली. "काय झालं यांना? डॉक्टरनं तुम्हाला फोन केल्ता का ताई? मला तर म्हणले, निस्ती बीपी हाय." आणि मटकन खाली बसली.

तिला समजावण्यात माझा अर्धा तास गेला. अहो, धडधाकट माणसानंच लिहायचं असतं ते, आजाऱ्याला कुठलं सुचतंय. शेवटी तिनं डोळे पुसले, आणि मला परत चेव आला. "ही साडी आधी उचला. तुमच्या जमिनीतला एक गुंठा नको मला. त्या जमिनीशी माझा काडीचा संबंध नाही."

दादानं हळूच खिशातून सातबारा काढला. "संबंध हाय शोभे. वाच."

वाचला. दादाच्या नावाखाली माझं नाव. बाबा गेल्यावर वारस लागले, त्यात मी पण लागले होते.

"तलाठ्याची नोटीस आल्ती. तू सही केल्ती," दादा म्हणाला.

केली होती, न वाचता. जन्मभर पोरांना सांगत आले, प्रश्न नीट वाचा आणि मगच लिहा.

मग दादा मोकळा झाला. "सात वर्षं झाली, एक विचारायचं म्हणतो. तुझ्यामागं तुझ्या हिश्श्याचं काय? तू न्हाई लिहून ठेवलं, तर उद्या तुझी पोरं अन् माझी पोरं एकमेकाचं तोंड बघणार न्हाईत. पण सख्ख्या बहिणीला, तू मेल्यावर कसं, हे कोणत्या तोंडानं विचारू?"

माझे डोळे भरून आले. म्हटलं, हक्कसोड देते, आत्ताच्या आत्ता लिहून देते. तर भडकला. "सोड म्हणलो का मी तुला? बापाचं हाय. जेवढं माझं तेवढं तुझं. कोणाला बी दे, पण लिहून ठेव."

आणि माझ्यासमोर कागद-पेन ठेवून तो बाहेर ओट्यावर जाऊन बसला. म्हणे, मी पुढ्यात असलो तर तू मनातलं लिहिणार न्हाईस. असा भाऊ, आणि मी त्याला आळशी म्हणत होते.

मी लिहिलं. आप्पांनी साक्षीची सही केली. दुसऱ्या साक्षीदाराला वहिनी लगेच पुढं झाली. "द्या ताई, मी करते. सातवी शिकले मी."

"तुम्ही नको वहिनी," मी घाईघाईनं म्हणाले. "ज्याला त्यातून काही मिळणार, त्यानं साक्ष देऊ नये."

"मला काय मिळणार हाय त्यातून?" वहिनी म्हणाली, आणि मी जीभ चावली. वहिनीनं एकदा कागदाकडं बघितलं, एकदा माझ्याकडं, आणि पदर तोंडाला लावून आत निघून गेली. आप्पांनी शेजारच्या गणपतरावांना हाक मारली, दुसरी सही त्यांनी केली.

दादाचं म्हणाल तर अजून झालं नाही. पुढच्या महिन्यात बघू म्हणतो. एवढं भाषण ठोकलं, एवढी रडारड झाली, आणि आमच्या सगळ्या घराण्यात आजवर एकच मृत्युपत्र लिहून झालंय. ते ह्या मास्तरीणबाईंचं स्वतःचं.